झाडांचं पाणी

कोथळवाडीत घरोघरी दोन पाणी असत, एक माणसांचं आणि एक झाडांचं. माणसांचं पाणी नळाला आलं की पिंपात भरायचं आणि प्यायचं. त्यानं कुणाला काही होत नसे. जपावं लागे ते झाडांच्या पाण्याला. ते थेंबाथेंबानं गाळायचं, कळशीत झाकून ठेवायचं आणि त्यात नळाच्या पाण्याचा शिंतोडासुद्धा उडू द्यायचा नाही. एखाद्या पाहुण्यानं चुकून त्या कळशीत ओला पेला बुडवला, तर घरची बाई तोंडानं काही बोलत नसे. पण पाहुण्याची पाठ वळली की कळशी ओतून टाकी आणि पुन्हा पहिल्यापासून गाळायला लावी.

सोळा वर्षांपूर्वी हे असं नव्हतं. तेव्हा कृष्णेत वरच्या अंगाला जलपर्णी माजली होती. ती काढायला यंत्रं आणली, माणसं लावली, तरी आठवड्यात पाणी पुन्हा हिरवं. शेवटी एका संशोधन संस्थेनं मुळावरच घाव घालायचं ठरवलं. झाडाच्या मुळाच्या टोकाशी एक प्रथिन असतं, ते मुळाला वाढायला सांगतं. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. तिच्या घड्या ठरल्या जागी पडल्या तरच ती कामाला येते. धोतराच्या निऱ्या चुकल्या तर कापड तेच राहतं, पण नेसणाऱ्याला पाऊल टाकता येत नाही, तसंच. संस्थेनं या प्रथिनाची चुकीच्या घडीची प्रत बनवली. तिची खोड अशी, की ती ज्या चांगल्या प्रथिनाला चिकटे त्यालाही आपल्यासारखी चुकीची घडी घालायला लावी. एकाची दोन, दोनाची चार. मुळं वाढायची थांबत आणि झाड जागच्या जागी खुंटे. म्हणून लोकांनी त्या प्रतीला नाव दिलं खुंटकण.

जलपर्णी दोन वर्षांत गेली. संस्थेच्या लोकांचे सत्कार झाले. तिसऱ्या वर्षी ऊस खुंटला.

खुंटकण जिवंत नव्हता, म्हणून तो मारता येत नव्हता. उकळून जाईना, औषधानं जाईना. त्याला अडवणारी यंत्रं होती, पण ती दिवसाला चार तांबे पाणी देत आणि महिन्याभरात चोंदत. पाटाचं पाणी जिथं जिथं गेलं होतं तिथली माती नासली. पावसाचं पाणी शुद्ध असे, पण ते साठवून किती साठवणार? जिल्ह्याचं धान्य आता माळावरच्या छतशेतीत पिके. मोठमोठ्या बंद छपरांखाली, नव्या मातीत, गाळलेल्या पाण्यावर. ते मोजून मिळे. पोट भरे, पण पानाफुलांची, मिरची-कोथिंबिरीची चैन त्यात नव्हती. ती ज्याची त्यानं परसात करायची. आणि ती करता येऊ लागली ती पद्मावती आवटींमुळे.

पद्माक्काला सगळं गाव अक्काच म्हणे. तिनं नळपाणी योजनेच्या पंपघरात सव्वीस वर्षं पंप चालवला होता. शाळा दहावीपर्यंत, पण पाण्याचा आवाज ऐकून झडप किती उघडी आहे ते ती सांगे. घर जैनांचं, तेव्हा पाणी गाळणं तिला नवीन नव्हतं. तिची आई चौपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय तांब्याभर पाणीही वापरत नसे.

पंपघरामागं एक टाकी होती. तिच्या काठावर कुणीतरी कधीकाळी वाळा लावला होता, तोच वाळा, जो उन्हाळ्यात माठात टाकतात. तो दर महिन्याला सुकून जाई आणि शेजारचा शिपाई हौसेनं नवा लावी. पण पद्माक्काच्या ध्यानात आलं, की वाळ्यातून झिरपून जिथं पाणी ठिबकतं तिथं आंबुशीची बारकी पानं हिरवीगार आहेत. सगळं गाव खुंटलेलं असताना आंबुशी वाढते म्हणजे काय? तिनं चार दिवस विचार केला. पाण्यात जे काही आहे ते मुळांना चिकटतं. मग वाळ्याच्या मुळांना चिकटलं की पुढं जात नसणार. वाळा मरतो, पण मागचं झाड वाचतं.

तिनं एका माठाला भोक पाडलं. तळाला वाळू, वर कोळसा, त्यावर जिवंत वाळ्याच्या मुळांचा गच्च दाबलेला थर. तीन आठवड्यांनी वाळा बदलायचा; वाळ्याची रोपं तेवढी साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर वाढवायची. त्या घड्याच्या पाण्यावर तिनं माहेरहून आणलेली राजापुरी हळद लावली. हळदीला बी नसतं. गड्डा दरसाल मातीत गेला तरच ती पुढच्या साली असते. पहिल्या वर्षी नऊ पानं आली. तिसऱ्या वर्षी पानं कमरेला लागली.

मग ती घरोघर शिकवत हिंडली. कुणाकडून तिनं काही घेतलं नाही. वाळाघडा गल्लीतून गावात, गावातून तालुक्यात, आठ वर्षांत नदीकाठच्या चाळीस हजार घरांत गेला. छतशेतीतल्या प्रचंड गाळण्यासुद्धा तिच्याच युक्तीवर बांधल्या गेल्या. लग्नघरची माणसं हळदीला तिच्या दारात येत. तिला ते आवडे, आणि आवडतं हे ती लपवतही नसे.

त्या वर्षी चैत्रात डॉ. तन्वीर मुजावर तिच्याकडे आला. तो जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत होता. चाळिशीचा, मिरजेचा, बोलायला मऊ. वर्षातून दोनदा येऊन तो तिच्या कुंड्यांतली माती आणि पानाचे तुकडे घेऊन जाई, आणि जाताना हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाऊन जाई. त्या दिवशी तिनं जपून ठेवलेल्या वाळक्या पानांत केलेल्या पातोळ्यांना त्यानं हात लावला नाही.

"अक्का, बसा जरा," तो म्हणाला. "तुमच्याशी बोलायचंय."

"बसलेच आहे की. बोला."

"खुंटकणाची नवी जात सापडलीय. ती वाळ्याला चिकटत नाही. सरळ पलीकडं जाते. आम्ही तिला निसटा म्हणतो."

"म्हणजे घडा कमी पडतो? वाळ्याचा थर वाढवायचा का?"

"नाही. घडा उत्तम आहे. अडचण तीच आहे." तो शब्द शोधत होता. "तुम्ही रवा चाळता तेव्हा चाळणीतनं काय पडतं?"

"बारीक असेल ते."

"आणि समजा, ते दाणे आहेत. जे बारीक पडले तेच पेरले, आलेलं पीक पुन्हा चाळलं, पुन्हा बारीकच पेरलं, तर?"

"तर बारीकच उगवणार," ती म्हणाली. म्हणता म्हणता तिचा हात मांडीवर थांबला.

मुजावरनं मान हलवली. मग त्यानं सावकाश सगळं सांगितलं. खुंटकण आपल्या प्रती काढतो तेव्हा लाखात एखादी घडी किंचित वेगळी पडते. उघड्या नदीत त्या वेगळ्या घडीला काही भवितव्य नसतं, कारण तिथं जुना खुंटकण इतका आहे की सगळी मुळं तोच आधी बळकावतो. पण वाळाघडा जुन्याला अडवतो. पलीकडच्या कुंडीत निरोगी झाड उभं असतं आणि वाटेत स्पर्धक कुणी नसतो. वाळ्याला न चिकटणारी एखादी घडी तिथं पोचली की ती सावकाश वाढते. कुंडीतलं जादा पाणी गटारात जातं, गटार नदीला मिळतं, नदीचं पाणी खालच्या गावच्या नळाला येतं, आणि तिथला घडा ते पुन्हा चाळतो.

"चाळीस हजार घरांत, आठ वर्षं," तो म्हणाला. "आणि घडा जितका नीट भरलेला, तितकी चाळणी बारीक. हलगर्जीपणे भरलेल्या घड्यांनी काही बिघडवलं नाही. जिथं लोकांनी मनापासून पाणी गाळलं, तिथंच निसटा तयार झाला."

"छतशेतीतही तेच गाळण आहे."

"तिथलं वापरलेलं पाणी नदीत सोडत नाहीत, तिथंच आटवतात. पण आत येणारं पाणी नदीचंच. येत्या पुरात गावागावांचं गटाराचं पाणी एकदम नदीत उतरलं आणि निसटा त्यांच्या गाळणीपर्यंत गेला, तर ती गाळणी त्याला अडवणार नाही. मग धान्य नाही, अक्का. पूर्ण जिल्ह्याला."

"उपाय?"

"एकच. घडे बंद. घरातली झाडं काढून भट्टीत जाळायची. गाळणं थांबलं की जुना खुंटकण पुन्हा सगळीकडं होईल आणि निसट्याला जागा उरणार नाही; वर्षभरात तो विरेल. पण एकाही घरात गाळण चालू राहिलं, तर त्या घरात तो जिवंत राहील."

पद्माक्का परसाकडं बघत होती. चैत्रात हळदीची पानं वाळून गेलेली असतात. पण तिनं यंदा तीन कुंड्या मागं ठेवल्या होत्या, त्यात कोवळे कोंब वर येत होते.

"मला कशाला सांगायला आलात? सरकारी हुकूम काढा."

"हुकूम निघेल. हुकमाला लोक घाबरतील आणि लपवतील. तुम्ही सांगितलं तर काढून देतील."

मग तिनं विचारलं, "पहिला सापडला कुठं?"

मुजावरनं चष्मा काढून पुसला. "ते महत्त्वाचं नाही."

"कुठं सापडला, डॉक्टर?"

"तुमच्या पानात," तो म्हणाला. "गेल्या दिवाळीला नेलेल्या. सगळ्यांत जुना घडा तुमचा. आणि तुमच्याइतका नीट कुणी भरत नाही."

त्यानं आणखी काही सांगितलं असावं, की तिचा यात दोष नाही, कुणाला हे कळणं शक्य नव्हतं, त्यालाही आठ वर्षं कळलं नाही. ती ऐकत होती, पण तिला नुसते त्याचे ओठ हललेले दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिल्यांदा स्वतःचीच हळद उपटली. गड्डे मातीतून वर आले तेव्हा वास सगळ्या परसात भरला. तिनं ते धुतले नाहीत, मातीसकट पोत्यात भरले. एक बोटाएवढा तुकडा तरी ठेवावा, कोरड्या फडक्यात बांधून कोनाड्यात टाकावा, असं तिच्या मनात तीनदा आलं. तिसऱ्यांदा तिनं पोत्याचं तोंड शिवूनच टाकलं.

मग ती गल्लीत निघाली. गल्लीत बासष्ट घरं होती. लोक भांडतील, अशी तिनं तयारी केली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं चाळणीचं उदाहरण तिनं घोकून ठेवलं होतं. पण कुणी भांडलं नाही. बाया दारात येत, ती काय म्हणते ते ऐकत, आणि अर्ध्यातच म्हणत, "अक्का, तुम्ही सांगताय म्हणजे काहीतरी असेलच." आणि आत जाऊन घडा उचलून आणत. कुणी कढीपत्त्याचं रोप मुळासकट आणून तिच्या हातात दिलं. एका घरात जाईचा वेल होता, मांडवभर पसरलेला. त्या घरच्या माणसानं तो स्वतः कोयत्यानं तोडला आणि तोडताना एकदाही तिच्याकडं बघितलं नाही. तिला वाटलं, एकानं तरी शिवी द्यावी. पहिल्यांदा शिकवायला आली तेव्हा प्रत्येक दारात तिला तासतास घालावा लागला होता. आता पाच मिनिटांत काम होत होतं.

बाविसावं घर वंदना मगदूमचं. वंदना पस्तिशीची, नवरा छतशेतीत पाळीवर, घरात ती आणि सासरे. सासरे रायगोंडा, सगळे त्यांना आण्णा म्हणत. त्यांनी जन्मभर हळद पिकवली होती. दृष्टी गेल्याला सहा वर्षं झाली होती. त्यांच्या खाटेशी हळदीच्या दोन कुंड्या होत्या, पद्माक्काच्याच गड्ड्यांच्या. सकाळी उठले की ते हात लांब करून पानं चाचपत आणि कालच्यापेक्षा पान किती वाढलं ते वंदनाला सांगत. तेच त्यांचं घड्याळ आणि तोच त्यांचा दिनक्रम.

वंदनानं दोन्ही कुंड्या दिल्या. "आण्णांना मी सांगते," एवढंच ती म्हणाली.

ट्रक आला, पोती भरली, भट्टीचा धूर दोन दिवस दिसत होता. गाव हिरव्या रंगावाचून रिकामं झालं. मुजावरचा फोन आला. "तुमची गल्ली पूर्ण झाली ना, अक्का?" "झाली," ती म्हणाली. तिला माहीत होतं तेवढं ते खरं होतं. इतर गावांतूनही बरी बातमी होती. पुराला अजून तीन महिने होते.

आठवड्याभरात कानावर आलं, की मगदुमांच्या आण्णांनी जेवण सोडलंय. पद्माक्का बघायला गेली. आण्णा भिंतीकडं तोंड करून पडले होते. दुखत काही नव्हतं. गावच्या डॉक्टरला काही सापडलं नव्हतं. "आण्णा, मी पद्मा," ती म्हणाली. त्यांनी हात पुढं केला, तिचा हात चाचपला आणि सोडून दिला. त्यांचा हात अजून खाटेच्या त्या कडेला जाई आणि रिकाम्या हवेत फिरून परत येई. ती दिवसाआड जाऊ लागली. जाऊन करायचं काही नसे. ती बसे, वंदना चमच्यानं पेज भरवायचा प्रयत्न करी, पेज ओठांतून ओघळे.

मग मृग निघायच्या आधी ती तीन आठवडे तापानं घरीच होती. बरी होऊन गेली, तर आण्णा उशाला टेकून बसले होते आणि भाकरीचे तुकडे आमटीत बुडवून स्वतःच्या हातानं खात होते.

"बरं वाटतंय?" तिनं विचारलं.

"झ्याक," आण्णा म्हणाले. "पान चार बोटं झालंय."

पद्माक्काला तेव्हा वास आला. तो वास तिला झोपेतही ओळखता आला असता. तिनं वंदनाकडं बघितलं. वंदना खाली बघत उभी होती.

"कुठाय?" पद्माक्कानं विचारलं.

वंदना तिला मागच्या न्हाणीत घेऊन गेली. झरोक्याखाली पत्र्याच्या डब्यात हळदीचे तीन कोंब होते. एकाला पान फुटलं होतं. वर खिळ्याला पाण्याचा प्लॅस्टिकचा कॅन उलटा टांगला होता, बूड कापलेला, त्यात वाळू, कोळसा आणि वाळा. खाली कळशी.

"गड्डा कुठनं आणलास?"

"कुंडी देताना एक काढून ठेवला होता. लावायचा नव्हता, अक्का, देवाशपथ. नुसता त्यांच्या हातात द्यायला ठेवला होता. त्यांनी तो हुंगला आणि म्हणाले, याला डोळा फुटलाय, मातीत घाल, नाहीतर मरेल. त्या दिवशी पेजेची वाटी प्याले." वंदनाचा आवाज खाली गेला. "मला कळतंय सगळं. यांची पाळी छतशेतीतच आहे, मला कळणार नाही होय? पण मी करू काय? तुम्ही सांगा, तसं करते. उपटून टाक म्हणालात तर आत्ता उपटते. फक्त त्यांना तुम्ही सांगा. माझ्यानं दुसऱ्यांदा होणार नाही."

पद्माक्कानं तोंड उघडलं. मुजावरचा एकेक शब्द तिला पाठ होता. एकाही घरात. बाहेरच्या खोलीतून आण्णांच्या ताटाचा आवाज येत होता. ते हातानं ताट चाचपून उरलेलं गोळा करत होते. आभाळ भरून आलेलं होतं आणि झरोक्यातून ओला वारा येत होता. तिला वाटलं, बाहेर जावं, आण्णांजवळ बसावं, चाळणीचं उदाहरण सांगावं. नव्वदीला टेकलेल्या आंधळ्या माणसाला. ते ऐकतील आणि म्हणतील, पद्मा, तू सांगतेस म्हणजे असेल. आणि भिंतीकडं वळतील. आणि सांगितलं नाही तर? तर ही न्हाणीची मोरी गटाराला, गटार नदीला. याच गल्लीत आणखी किती न्हाण्या असतील, ते तिला माहीत नव्हतं. बासष्ट दारांतून ती गेली होती, एकाही न्हाणीत तिनं डोकावलं नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. कॅनमधून कळशीत पाणी पडत होतं. त्याची बारीक धार लागली होती, तुटत नव्हती. धार लागलेलं पाणी गाळलेलं नसतं. ते वाळ्याला न शिवता कडेनं उतरत होतं. असल्या पाण्यावर ते पान आणखी पंधरा दिवससुद्धा टिकलं नसतं. ते आपोआप खुंटलं असतं, आणि कुणाला काही सांगावं लागलं नसतं. तिनं फक्त पाठ फिरवायची होती.

"वाळा सैल बसलाय," पद्माक्का म्हणाली.

तिचा हात कॅनमध्ये गेला होता. बोटांनी तिनं मुळं पिळून एका वळणानं बसवली, कडा आधी, मग मध्य, आणि तळव्यानं दाबत गेली. धार बारीक झाली, तुटली. थेंब पडू लागला. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

वंदना पदरानं डोळे पुसत कळशीत वाकून बघत होती. "आता बरोबर आहे?" तिनं विचारलं.

पद्माक्कानं तिसऱ्या थेंबाची वाट बघितली. तो पडला, अगदी नितळ.

"हो," ती म्हणाली. "आता बरोबर आहे."